खड्ड्यातले पाणी

"सर, पाणी होतं तरी पडला."

जुलै २०२५मधल्या एका सकाळी माझ्या भ्रमणध्वनीवर एवढेच एक वाक्य आले आणि त्याखाली काही सेकंदांची चित्रफीत. मोनॅकोची डायमंड लीग, तीन हजार मीटर स्टीपलचेस, आणि पाण्याच्या अडथळ्यावरून उतरताना तोल जाऊन कोसळणारा आपला अविनाश साबळे. पुढे कळले की गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरातली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. पण त्या सकाळी मला यातले काही ठाऊक नव्हते. मी ती चित्रफीत तीनचारदा पाहिली आणि वाक्य त्याहून अधिक वेळा वाचले. ते सांत्वन होते की ठपका, हे मला ठरवता येईना. वाक्य पाठवणारी माझी जुनी विद्यार्थिनी आहे. तिचे नाव येथे देत नाही. त्या 'तरी' या अव्ययाचा अर्थ आम्हा दोघांखेरीज फार थोड्यांना कळेल, आणि तो सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. मैदानाशी माझा संबंध एवढाच, की लहान गावातल्या महाविद्यालयात कोणालाही कोणत्याही समितीवर नेमतात. मला क्रीडा समितीवर नेमले, कारण इतिवृत्त लिहिणारा कोणीतरी हवा होता. शुद्धलेखन बरे असण्याची शिक्षा म्हणा. त्यामुळे स्टीपलचेस म्हणजे काय हे मला वयाच्या चाळिशीत कळले, आणि तेही पुस्तकातून. साहित्याच्या माणसाला एखादी गोष्ट आधी पुस्तकातून कळली की पुढे काय अनर्थ होतो, याचे हे एक उदाहरण समजावे.

पुस्तकातून जे कळले ते फार मोहक होते. आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यात १७५२ साली दोन गृहस्थांनी पैज लावली आणि बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत साधारण साडेचार मैल घोडे फेकले. रस्ता असा नाहीच. समोरच्या चर्चचे उंच टोक दिसत राहील अशा बेताने सरळ निघायचे. वाटेत कुंपण येवो, दगडी बांध येवो, ओढा येवो, ओलांडायचे. ते टोक म्हणजे 'स्टीपल' आणि त्याचा पाठलाग म्हणजे 'चेस'. पुढे १८५०मध्ये ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांनी घोड्यावाचून, स्वतःच्या पायांनी, शेताबांधांतून दोन मैलांची अशी शर्यत लावली. दहाएक वर्षांत ती शेतातून उठून सपाट मैदानावर आली. मैदानावर बांध नव्हते म्हणून लाकडी अडथळे ठेवले. ओढा नव्हता म्हणून खड्डा खणून त्यात पाणी भरले. १९००च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत होती, १९२०पासून तिचे अंतर ३००० मीटर ठरले, आणि स्त्रियांना ऑलिम्पिकमध्ये ती धावायला मिळाली थेट २००८ साली, बीजिंगला.

ही हकीकत वाचून मला वाटले की हे तर आपल्याच विषयातले प्रकरण आहे. शब्दांचे असेच होते. 'तेल' हा शब्द तिळावरून आला. आज आपण शेंगदाण्याचे तेल म्हणतो आणि तीळ कोणाला आठवत नाही. 'शाई'च्या पोटात फारसी काळा रंग आहे, पण 'निळी शाई' म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. शर्यतीतला चर्चचा कळस केव्हाच नाहीसा झाला, फक्त नावात उरला. मग पाणी तरी कशाला राहिले? मला ते एखाद्या मृत रूपकासारखे वाटले. एकेकाळी खरा ओढा होता याची खूण म्हणून ठेवलेले, कामाचे नसलेले, केवळ सवयीने सांभाळलेले. असा विचार सुचला म्हणजे माणूस स्वतःवर खूश होतो. मीही झालो.

आता २०१५ सालाविषयी. मराठवाड्यात त्या वर्षी पावसाने सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. आमच्या गावात डिसेंबरातच नळाला दहा दिवसांनी पाणी येई. वसतिगृहाच्या मागे ट्रॅक्टरचा टँकर येऊन उभा राहिला की वर्गातली मुले न विचारता उठून जात आणि मीही त्यांना अडवत नसे. अशा वर्षी आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धांचे यजमानपद आमच्याकडे आले.

क्रीडा समितीच्या बैठकीत आमच्या क्रीडासंचालकांनी कामांची यादी वाचली. चुन्याची फक्की, मंडप, बिल्ले, डॉक्टर. आणि शेवटी, स्टीपलचेसच्या खड्ड्यासाठी पाण्याचा एक टँकर. खड्डा आमच्याकडे सिमेंटचा होता, जुन्या मापाचा. अडथळ्यासह ३.६६ मीटर लांब, तेवढाच रुंद. अडथळ्याजवळ ७० सेंटिमीटर खोल आणि मग उताराने चढत धावपट्टीच्या पातळीला येऊन मिळणारा. अलीकडच्या नियमांत ही खोली ५० सेंटिमीटरवर आली आहे. आमचा खड्डा भरायला पाच हजार लिटर पाणी लागे. अगदी एक ट्रॅक्टरचा टँकर.

मी बोललो. इतिवृत्त लिहिणाऱ्याने सहसा बोलू नये, पण मी बोललो, आणि चांगला बोललो असे त्या वेळी सर्वांचे मत पडले. वसतिगृहातल्या मुली दोन बादल्यांत आंघोळ आणि कपडे भागवतात. अशा वेळी दिवसभरात दोनदा चारदोन मुलांनी उड्या माराव्यात म्हणून पाच हजार लिटर पाणी सिमेंटच्या खड्ड्यात ओतणे हे पाप आहे, असे मी म्हणालो. 'पाप' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. मग बटेव्हंट आणि डोनरेल आले, तेल आणि शाई आली. पाणी हा या शर्यतीचा अलंकार आहे, शर्यत नव्हे, असे सांगून मी खाली बसलो.

क्रीडासंचालक वयाने माझ्याहून मोठे, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली. ते म्हणाले, "अहो सर, अलंकार नाही तो. पाणी नसलं तर खड्डा उरतो." याहून अधिक त्यांना बोलता आले नाही. त्यांना मुद्दा हातांनी करून दाखवता आला असता, शिट्टी तोंडात धरून मैदानावर उभे राहून सांगता आला असता. बैठकीच्या खोलीत, चहाच्या कपांसमोर, माझ्या वाक्यांपुढे त्यांचे वाक्य लहान पडले. ते हेही म्हणाले की स्पर्धा झाल्यावर ते पाणी उपसून मैदानाकडेच्या कडुनिंबांना घालायचे ठरवले आहे. हे मी ऐकले होते. इतिवृत्तात मात्र ते लिहिले नाही, कारण मला ते नंतर सुचलेले समर्थन वाटले. कोणीतरी विचारले, पाणी नाही तर मग काय? मीच सुचवले की वाळू टाकावी. लांब उडीला नसते का वाळू? ठराव सर्वानुमते संमत. 'सर्वानुमते' हा शब्द माझ्याच अक्षरात आहे.

त्याच रात्री मी महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी 'कोरडा खड्डा' नावाचा ललितलेख लिहून काढला. त्याबद्दल पुढे येईलच.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मुलांची शर्यत झाली. सात फेऱ्या, म्हणजे खड्ड्यावरून सात उड्या आणि साध्या अडथळ्यांवरून २८. प्रत्येक उडीला वाळू थोडी थोडी खाली सरकत होती; उतारावरची वाळू उतारावर राहत नाही, ती तळाशी जाते, एवढे कळायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. लांब उडीचा हौद सपाट असतो आणि प्रत्येक उडीनंतर तिथे फावडे घेऊन माणूस उभा असतो, हेही मला आठवायला हवे होते. मुलांची शर्यत संपली तेव्हा खड्ड्याच्या वरच्या अर्ध्या भागातले सिमेंट उघडे पडले होते आणि त्यावर बारीक वाळूचा एक थर तेवढा राहिला होता. जिथे पाऊल टेकते नेमक्या तिथे. नंतर दुपारी मुलींची शर्यत. मधल्या वेळात कोणी वाळू सारखी केली नाही. तो खड्डा कोणाच्या अखत्यारीत आहे हेच ठरले नव्हते. पाण्याचा असता तर क्रीडासंचालकांचा होता, वाळूचा झाल्यावर तो एका अर्थी माझा होता.

सहा मुली होत्या. त्यांतली एक द्वितीय वर्षाला माझ्या वर्गात बसणारी. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात. ही आजीपाशी राहून शिकली. पोलीस भरतीची तयारी म्हणून पहाटे धावायची आणि धावता धावता या शर्यतीकडे वळली होती. पहिल्या पाच फेऱ्या तीच पुढे होती. सहाव्या फेरीत तिने नेहमीप्रमाणे अडथळ्याच्या फळीवर पाय ठेवला, रेटा देऊन पुढे झेपावली, आणि उतारावर टेकलेला पाय वाळूवरून मागे घसरला. हाड मोडल्याचा आवाज येतो असे पुस्तकांत वाचले होते. मला काही ऐकू आले नाही. मागून येणारी मुलगी तिच्या अंगावर पडता पडता वाचली, एवढे दिसले.

घोट्याजवळचे हाड मोडले होते. पट्टी घालावी लागली. त्या वर्षीची भरती गेली.

मला कोणी काही बोलले नाही. क्रीडासंचालकही नाही. खेळात असे होतेच, असे सर्वांनी म्हटले, आणि तेही खरेच होते. रुग्णालयात भेटायला गेलो तेव्हा तिची आजी खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिने मला "बसा सर" म्हणून स्वतः उठून जागा दिली. मी बसलो नाही. काय बोलावे ते न सुचून मुलीला विचारले, "अगं, घसरलीस कशी?" प्रश्न विचारल्यावर त्याची लाज वाटली.

ती म्हणाली, "सर, पाणी असतं तर दिसलं असतं ना कुठं संपतंय ते."

या एका वाक्याने मला जे शिकवले ते नंतर मी रीतसर वाचून पडताळून पाहिले, आणि प्रत्येक वेळी तिचे वाक्य खरे निघाले. धावणारा खड्ड्याच्या दिशेने येतो तेव्हा त्याची नजर उतारावर नसते, पाणी जिथे संपते त्या काठावर असते. पाणी स्वतःची रेघ स्वतः आखते. उतार कितीही फसवा असला तरी पाण्याचा पृष्ठभाग सपाटच राहतो, आणि जिथे तो सिमेंटला भेटतो तिथे एक चमकती कड उमटते. तिथे पाऊल पडले तर एक पाय बोटभर पाण्यात आणि दुसरा कोरड्यावर. फक्कीची रेघ पुसते, वाळूची सरकते. ही रेघ सातव्या फेरीतही जागच्या जागी असते.

आणि पाणी शिक्षाही नेमकी मोजून देते. खोल बाजू अडथळ्यालगत, उथळ बाजू पलीकडे, अशी रचना मी वाचली होती. तिचा अर्थ मात्र वाचला नव्हता. जितकी उडी तोकडी तितके पाणी जास्त. थकलेला धावपटू तोकडी उडी मारतो, गुडघाभर पाण्यात पडतो, पाय उचलायला जड होतात, बूट भिजतात आणि पुढच्या फेरीला उडी आणखी तोकडी होते. पण याच रचनेची दुसरी बाजू अशी, की जो तोकडी उडी मारतो तो वरून अधिक सरळ खाली कोसळत असतो, आणि नेमक्या त्याच जागी पाणी सर्वांत खोल, म्हणजे धक्का सोसायला सर्वांत अधिक. जे पाणी त्याला मागे ओढते तेच त्याचा घोटा वाचवते. हे काम वाळूला जमत नाही. एवढ्या साध्या त्रिकोणी खड्ड्यात इतकी शहाणी तजवीज असेल असे मला वाटले नव्हते. मी त्याला अलंकार म्हणालो होतो.

नियमही वाचले. हर्डल शर्यतीतला अडथळा पायाला लागला तर पडतो. स्टीपलचेसचा पडत नाही. पुरुषांसाठी ९१.४ सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ७६.२, आणि वजन ८० ते १०० किलो. त्यावर पाय ठेवायला परवानगी आहे, हात टेकायलाही आहे. पाण्यावरून जा किंवा पाण्यातून जा, नियमाला दोन्ही चालते. चालत नाही ते एकच: बाजूने जाणे. २०१७च्या लंडनच्या जागतिक स्पर्धेत केनियाची बीट्रिस चेपकोएच पाण्याच्या अडथळ्याकडे वळायचेच विसरली आणि तशीच धावपट्टीवरून पुढे गेली. लक्षात आल्यावर ती उलट फिरली, मागे आली, उडी मारली आणि मग घोळक्यामागे धावत सुटली. चौथी आली. पुढच्याच वर्षी तिने मोनॅकोला ८ मिनिटे ४४.३२ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. मला तिच्या विक्रमापेक्षा ते मागे फिरणे अधिक वेळा आठवते. मी त्या वार्षिकांकाच्या बाबतीत मागे फिरलो नव्हतो.

तो लेख छापून आला. जानेवारीत. मुलगी अजून कुबड्यांवर होती. अंक छपाईला गेला तेव्हा मी तो परत मागू शकलो असतो. संपादक माझाच सहकारी होता. मागितला नाही, कारण लेख चांगला उतरला होता. त्यात कोरडा खड्डा हे आपल्या काळाचे प्रतीक वगैरे होते. एका वाचकाने पत्र पाठवून स्तुती केली. प्रतीकाच्या तळाशी एका मुलीचा घोटा मोडला आहे, याचा त्या लेखात उल्लेख असण्याचे कारणच नव्हते, कारण तो आधी लिहिला होता. ही पळवाट मी स्वतःला बरेच दिवस देत राहिलो.

एप्रिल २०१६ उजाडला. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. खेळपट्ट्यांना लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न होता. सहकाऱ्यांनी मला टाळी दिली, "सर, तुमचाच मुद्दा न्यायालयाने मान्य केला." मला अवघडल्यासारखे झाले. न्यायालयापुढचा मुद्दा खराच होता आणि तो मला आजही पटतो. वसतिगृहातल्या दोन बादल्याही खऱ्या होत्या. मी चुकलो तो पाणी वाचवण्यात नव्हे. त्या वर्षी स्टीपलचेस रद्द करता आली असती, खड्डा वगळून साध्या अडथळ्यांची शर्यत घेता आली असती, पाणी भरून नंतर झाडांना घालता आले असते. तीन मार्ग होते आणि क्रीडासंचालकांना तिन्ही ठाऊक असणार. मी त्यांना विचारले नाही. मला पाण्याचा अर्थ आधीच ठाऊक होता.

त्याच वर्षी ऑगस्टात रिओ ऑलिम्पिकमध्ये ललिता बाबरने प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम शर्यतीत ती दहावी आली. ती सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची. मॅरेथॉन धावणारी मुलगी २०१४च्या सुमारास या शर्यतीकडे वळली, आणि त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई खेळांत कांस्यपदक घेऊन आली. माणदेश म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माडगूळकर उभे राहतात. 'बनगरवाडी'चा शेवट दुष्काळाने गाव उठण्यात होतो. आणि अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, म्हणजे बीड जिल्ह्याचा. शाळेसाठी रोज सहा किलोमीटर जाणारा, पुढे सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेलेला. २०१८मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. महाराष्ट्रातले हे दोन सर्वांत मोठे स्टीपलचेसपटू नेमके दोन अवर्षणप्रवण तालुक्यांतून यावेत! ज्यांच्या गावात ओढ्याला पाणी नसते त्यांनी जगभर पाण्यावरून उड्या माराव्यात! माझ्यासारख्याला हे वाक्य कसे आवरावे?

मी ते वर्गात बोललो. ती तेव्हा तृतीय वर्षाला होती, काठी सोडून चालू लागली होती. तास संपल्यावर थांबली आणि हसत म्हणाली, "सर, पाण्याचं काही नाही त्यात. आमच्याकडं शेतात काही होत नाही म्हणून पोरं पळायला लागतात. भरतीसाठी." तिच्या हसण्यात कडवटपणा नव्हता. मी ते वाक्य तेव्हापासून वर्गात म्हणत नाही. येथे लिहिले, ते कबुली म्हणून.

साबळेची गोष्ट पुढे कुठवर गेली ते सर्वांना ठाऊक आहे. २०२२च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या मागे सेकंदाच्या पाच शतांश अंतराने दुसरा आला. त्याआधी १९९८ ते २०१८ या सर्व राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती. ऑलिम्पिकचेही तसेच: १९६८पासून २०१६पर्यंत केनिया ज्या ज्या ऑलिम्पिकमध्ये उतरला, तिथे पुरुषांचे सुवर्ण त्याचेच. ती परंपरा सुरू करणारा एमॉस बिवोट. मेक्सिको सिटीत हा गडी अडथळ्यावर पाय देऊन अशी झेप घेई की पाण्याच्या पलीकडे, कोरड्यावर उतरे. बाकीचे सात वेळा भिजत होते. त्याचे तंत्र कोणत्याच पुस्तकात बसणारे नव्हते आणि जाणकारांना ते विचित्र वाटले. मात्र याच शर्यतीत असाही एक मोठा धावपटू होता, जो खड्ड्यात पुरता पडला. पावो नुर्मी, १९२८, ॲमस्टरडॅम, प्राथमिक फेरी. लांब पल्ल्याच्या धावण्यातला त्या काळचा सम्राट, पण अडथळे त्याला जमत नसत. तो पाण्यात कोसळला तेव्हा ल्युसियाँ द्युकेन नावाचा फ्रेंच धावपटू थांबला आणि त्याने त्याला हात देऊन उठवले. एरवी कोणाशी न बोलणारा नुर्मी त्यानंतर त्याच्या सोबतीने धावला, त्याला गती देत पुढे घेऊन आला, आणि शेवटी पहिला क्रमांकही त्यालाच देऊ करत होता. द्युकेनने तो घेतला नाही. अंतिम शर्यतीत नुर्मीला रौप्य मिळाले. मला ही गोष्ट आवडते. पण ती सांगताना एक गोष्ट टोचते. द्युकेनने हात दिला तो पडल्याबरोबर, धावता धावता थांबून.

डिसेंबर २०१६. पाऊस बरा झाला होता. स्पर्धा पुन्हा आमच्याकडेच होत्या, आणि या वेळी इतिवृत्तात टँकरचा ठराव मी न बोलता लिहिला. खड्डा भरला. क्रीडासंचालकांनी आधी काथ्याची चटई उतारावर खिळवून घेतली, मग पाणी सोडले. पाणी चढत चढत काठाला आले आणि ती कड चमकली. मला पहिल्यांदाच दिसली. ती मुलगी अधिकाऱ्यांच्या खुर्च्यांशेजारी बिल्ला लावून उभी होती. खड्ड्यावर पंच म्हणून बसलेल्या शिक्षकांना मदतनीस. कोणाचा पाय अडथळ्याच्या बाजूने खालून गेला तर तिने हात वर करायचा. दोन्ही शर्यतींत तिला हात वर करावा लागला नाही. एक मुलगा सहाव्या फेरीत छातीपर्यंत भिजला, उठला आणि लंगडत धावत राहिला. लोक हसले. तीही हसली.

संध्याकाळी मुलांनी बादल्यांची साखळी लावली. क्रीडासंचालकांनी मला काही न म्हणता एक बादली पुढे केली. मी पहिल्या दोन बादल्या उताराकडच्या उथळ पाण्यात बुडवायला गेलो तर बादली अर्धीही भरेना. "सर, इकडनं," ती म्हणाली, "अडथळ्यापाशी खोल आहे." कडुनिंबाची नऊ झाडे होती. अंधार पडेपर्यंत पाणी पुरले. तळाशी गाळात एका बुटाचा खिळा आणि मागच्या वर्षीची वाळू निघाली.

पुढे तिने शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. क्रीडासंचालक निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांच्याविषयी मी बोललो, पण ते नेहमीसारखेच, चांगले. जे सांगायला हवे होते ते त्यात नव्हते.

तर तो जुलैतला संदेश. "सर, पाणी होतं तरी पडला." मी उत्तरात आधी एक लांब परिच्छेद लिहिला, तो खोडला. मग विचारले, "पाय कसा आहे आता?"

अर्ध्या तासाने उत्तर आले. "थंडीत दुखतो. बाकी ठीक. शाळेत पोरांना उड्या शिकवते. खड्डा नाही आमच्याकडं, जुने टायर मांडते. तुम्ही या एकदा बघायला."

दिवाळीनंतर जायचे ठरवले.